शेजारच्या बेटाचं बिल

दोन दिवसांच्या कामाचं बिल
जिन्नाप्पा मगदूमांनी टेबलावर ठेवलं,
वर पेपरवेट म्हणून बेअरिंगमधला एक छर्रा.
तो घरंगळला. मी हातानं अडवला.
उद्यमनगरात पाचचा भोंगा होऊन गेला होता,
पलीकडं फाउंड्रीत अजून साचे ठोकत होते,
काकवी घातलेल्या वाळूचा जळका वास
नेहमीसारखा वह्यांत शिरत होता.

मोठ्या बेटाचं बिल मागच्याच आठवड्यात पास झालं.
हे त्याच्या शेजारच्याचं.
तिथं रम गाळणाऱ्या लहानशा कारखान्यात
उसाचा चरक अडला, मालकाचा फोन आला:
तुमचा माणूस जवळच आहे, तर पाठवा.
जवळ म्हणजे किती हो, मगदूम?
"कागलला जाऊन आल्यागत, बाई.
मधी नुस्तं पाणी."
आणि तुम्ही, रमच्या कारखान्यात?
"चरकाला काय ठावं, पुढं रसाचं काय हुतंय."

मी निपाणीच्या पुढं गेलेली नाही.
एकदा बेळगावला निघाले,
तर तवंदी घाटात गाडी बंद पडली.
पण लोकांची बिलं वाचून बरीच हिंडलेय.
कोइमतूरच्या लॉजवर गरम पाण्याला वेगळे पैसे पडतात,
नैरोबीचा टॅक्सीवाला पावतीवर आपल्या मुलीचं नाव लिहितो.

जिन्नाप्पांचं अक्षर वेल्डिंगसारखं, ठिपक्याला ठिपका जोडत गेलेलं.
विमान, बारा सीटांचं.
हत्यारांच्या पेटीबरोबर माणसाचंही वजन केलं, त्याचं काही घेतलं नाही.
खोली, एक रात्र. पंखा बंद.
सगळ्याला टाचणी, सगळ्याला पावती.
मग तळाशी, एकटीच,
"थांबलो. पंधरा डॉलर."

थांबलो या नावाचं खातं आमच्याकडं नाही.

"परतीचं विमान रद्द झालं, बाई.
दिवस कलला.
मावळल्यावर मी जेवत न्हाई, तुमाला ठावं हाय.
धक्क्यावर एक म्हातारी मासं तळत हुती.
सूर्याकडं बोट केलं, तोंडाकडं केलं,
माशाला न्हाई म्हटलं, कांद्याला न्हाई म्हटलं.
हसली न्हाई ती.
कढई उतरली. दुसरं भांडं काढलं,
वाळूनं घासलं, दोनदा.
नीरफणस निखाऱ्यात भाजला, मीठ लावलं.
तिथं सूर्य झटक्यात बुडतोय ओ,
दगड टाकल्यागत.
ती उभी ऱ्हाऊन एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं,
आणि हातानं, खा, खा.
शेवटचा घास गिळला तवा तिनं टाळी वाजवली.
एकच.
पैसं घेईना. ताटाखाली ठेवून आलो."

साहेब याला लाल गोल करणार.
जेवणाचा भत्ता वेगळा दिला होता, म्हणणार.
शिवाय डॉलर कुठला? तिथला.
तिथल्या डॉलरचा भाव मी बँकेत विचारला,
तर खिडकीतला पोरगा म्हणाला, असला डॉलर असतोय?

मी पेन उचललं, ठेवलं.
बावीस वर्षांत खोटी नोंद केलेली नाही.
मग थांबलो या शब्दावर पट्टी ठेवून
एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी,
आणि वर लिहिलं, वंगण.
सही करा म्हटलं.

"करतो की. आधी डबा खाऊन घेतो," ते म्हणाले,
आणि खिडकीशी जाऊन बसले.
मी घड्याळाकडं पाहिलं नाही.
फाउंड्रीच्या धुराड्याच्या बाजूला पाहिलं.
अजून हातभर होता.